नावाला पर्यायी शब्द नसतो

ताई, तुमचा मुलगा बोलताना अडखळतो आणि स्वतःचं नाव सांगतानाच अडकतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर "नाव सांगण्याआधी खोल श्वास घ्या, मग जमतं" असं वर दोघांनी सुचवलंय. मीही अडखळत बोलतो. माझा अनुभव उलटा आहे. छाती भरून श्वास घेतला की तो तिथेच कोंडायचा आणि नावातल्या पहिल्या 'प'साठी मिटलेले ओठ उघडायचेच नाहीत. बाकी शब्दांना पळवाट असते. पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये 'डेक्कन' अडकलं की मी पुढच्या नळ स्टॉपचं तिकीट काढायचो, कित्येक वर्षं. स्वतःच्या नावाला मात्र दुसरा शब्द नाही, म्हणून बहुतेकांचं नेमकं तिथेच अडतं.

मला उपयोग झाला तो स्पीच थेरपिस्टबाईंनी शिकवलेल्या दोन गोष्टींचा. एक, आधीच सांगून टाकायचं. हिंजवडीत नोकरीच्या पहिल्या दिवशी सगळे गोल बसून ओळख करून देत होते. माझी पाळी आल्यावर म्हणालो, "मी बोलताना अडखळतो, जरा वेळ लागेल." लपवायचं काही उरलं नाही, तसा गळ्यातला ताण निम्मा उतरला. दुसरी, अडकल्यावर जोर लावायचा नाही. तिथेच थांबायचं, ओठ सैल सोडायचे, थोडी हवा जाऊ द्यायची आणि आवाज लांबवत हळूच बाहेर पडायचं. ही पद्धत अमेरिकन स्पीच थेरपिस्ट चार्ल्स व्हॅन रायपर यांची, ते स्वतः अडखळत बोलायचे. त्या दिवशीही मी अडखळलोच, चार-पाच सेकंद. पण नाव मीच पूर्ण केलं.

आणि ताई, कुणी मुलाला नाव विचारलं तर कृपा करून तुम्ही सांगू नका. त्याच्याकडे बघत थांबा.