सीरम : लस, रक्तरस की रक्तद्रव?

प्रश्न : पुणे जिल्ह्यातल्या पशुपालकांसाठी गाई-म्हशींच्या रक्तातील अ आणि ई जीवनसत्त्वांच्या तपासणीवर माहितीपत्रक लिहिते आहे. 'सीरम'साठी 'लस' चालेल का? आणि मेदविद्राव्य लिहू की वसाविद्राव्य?

उत्तर : ताई, 'लस' नकोच. जखमेतून लस येते असं आपण आजही म्हणतो, त्यामुळे शब्द अर्थाला धरून आहे. पण शिरूर-जुन्नरच्या गोठ्यात लस म्हणजे लाळ्या-खुरकुताची. सीरमला रक्तरस म्हणा, प्लाझ्माला रक्तद्रव, आणि हा भेद काटेकोर पाळा. साध्या नळीत रक्त गोठलं की सुटणारा पिवळसर निवळ द्रव म्हणजे रक्तरस. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) घालून गोठू न देता पेशी खाली बसवल्या, की वर उरतो तो रक्तद्रव. त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, शिल्लक असतं. शब्द चुकला तर नळीही चुकीची वापरली जाईल.

वसा म्हटलं की श्रावणातल्या कहाण्या आठवतात. सरळ 'मेदात विरघळणारी' लिहा. तपासणीची सगळी रीत त्या विरघळण्यावरच उभी आहे. रक्तरसात इथेनॉल घातलं की प्रथिनं साकळतात आणि त्यांना चिकटलेली जीवनसत्त्वं मोकळी होतात. मग हेक्झेन घालून नळी हलवली की ती वरच्या हेक्झेनच्या थरात येतात. तो थर नायट्रोजनच्या झोताखाली उडवायचा, तळाला उरलेलं मिथेनॉलमध्ये विरघळवायचं आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावायचं. रेटिनॉल (अ जीवनसत्त्व) ३२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला दिसतं, टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) २९२च्या आसपास. हे सगळं मंद उजेडात, कारण प्रकाशात रेटिनॉल नासतं.

प्रश्न : साबणीकरणाचा उल्लेख करू का?

उत्तर : पशुखाद्य, यकृत किंवा दूध तपासायचं असेल तर करा. तिथे अल्कलीने मेद फोडावा लागतो, तेच साबणीकरण. गाईच्या रक्तरसात अ जीवनसत्त्व मुख्यतः मोकळ्या रेटिनॉलच्या रूपात असतं, म्हणून ती पायरी सहसा लागत नाही. कुत्र्याच्या रक्तात मात्र रेटिनॉलचे एस्टर (मेदाम्लाला जोडलेलं रेटिनॉल) भरपूर असतात. तिथे नुसतं 'अ जीवनसत्त्व' न लिहिता काय मोजलं ते लिहायला हवं.

आणखी एक : वर रक्तरस 'पिवळसर' म्हटलाय, तो गाईचा. तो रंग बराचसा कॅरोटीनचा असतो. म्हैस कॅरोटीनचं जवळजवळ पूर्णपणे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते, म्हणून तिचा रक्तरस फिका आणि दूध पांढरंशुभ्र. पत्रकात फक्त 'निवळ द्रव' ठेवा, नाहीतर म्हैसवाले नमुना बिघडला समजतील.