स्तोत्रांतून देवावर भरवसा: सहा बुधवारांसाठी कोणती स्तोत्रं घ्यावीत आणि कशी वाचावीत?

वडगावशेरी_बुधवार

सर्वांना जय ख्रिस्त. वडगाव शेरीत दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला आमची घरगुती प्रार्थनासभा असते. आठ-दहा जण, वेळ पाऊण तास. पुढचे सहा बुधवार बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतून ‘देवावर भरवसा’ हा विषय घ्यायचं ठरलंय. तीन प्रश्न आहेत.

नेहमी २३, ९१ आणि १२१ हीच स्तोत्रं घेतली जातात. त्यांच्यापलीकडे कोणती घ्यावीत?

सभेत दुखण्याने बेजार झालेले आहेत, नोकरी गेलेलेही आहेत. “मी भिणार नाही” असं मोठ्यानं म्हणताना त्यांचे शब्द तोंडातच राहतात. त्यांच्यासाठी वाचनाची रीत बदलावी का?

आणि घरी रोज पंधराच मिनिटं मिळणाऱ्यानं मनन कसं करावं?

पेन्सिल_आणि_स्तोत्र

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींचं उत्तर त्यातच आहे. शब्द तोंडात राहतात याचं कारण बहुतेक वेळा हे असतं, की आपण स्तोत्राची शेवटची दोन वचनं उचलतो आणि आधीची चार सोडून देतो. स्तोत्रकर्ता भरवशापर्यंत तक्रारीतून चालत जातो. आपण त्याला थेट मुक्कामावर भेटतो आणि मग आपल्याला तिथं पोचता येत नाही म्हणून खंत करतो.

म्हणून पहिला बुधवार स्तोत्र १३ ला द्या. सहाच वचनं आहेत, सावकाश वाचलं तरी मिनिटभर लागतं. त्यामुळे तीनदा वाचता येतं, आणि वाचावंच.

पहिल्या वाचनात नुसतं ऐकायचं. दुसऱ्या वाचनाला प्रत्येकाच्या हातात पेन्सिल द्या. जिथं तक्रार आहे तिथं समासात ‘त’, जिथं मागणं आहे तिथं ‘मा’, जिथं भरवसा आहे तिथं ‘भ’. वचनं १ आणि २ मध्ये ‘त’ येईल. “कुठवर?” हा सवाल मूळ इब्रीत (हिब्रू भाषेत) या दोन वचनांत चार वेळा आहे. त्या तक्रारीला तीन तोंडं आहेत हेही दाखवा: देव विसरला, माझं मन रोज झुरतं, आणि शत्रू वरचढ झालाय. दुखण्यातल्या माणसाला ही तिन्ही ओळखीची असतात, पण प्रार्थनेत तो सहसा दुसरीच सांगतो. पहिली सांगायची भीती वाटते.

वचनं ३ आणि ४ मध्ये ‘मा’. मागण्या तीन आहेत: पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना तेज दे. प्रत्येकाला इथं थांबवा आणि विचारा, आपण नेमकं काय मागतोय? “प्रभू, सगळं ठीक कर” हे मागणं फार सैल आहे. स्तोत्रकर्ता नेमकं मागतो आणि का मागतो तेही सांगतो.

पाचव्या वचनाला ‘भ’. आता सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न विचारा: चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधे काय घडलं? आजार गेला? शत्रू हरला? मजकुरात तसं काहीही नाही. परिस्थिती जिथल्या तिथं आहे आणि माणूस म्हणतो, “मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे.” त्या ‘मी तर’वर पाच मिनिटं घालवा. भीती संपली की भरवसा सुरू होतो, असा क्रम इथं कुठंच दिसत नाही.

तिसऱ्या वाचनाआधी प्रत्येकानं स्वतःच्या सहा ओळी लिहायच्या: दोन तक्रारीच्या, दोन मागण्याच्या, दोन भरवशाच्या. शेवटच्या दोन लिहिता आल्या नाहीत तर जागा कोरी सोडायची. ती जबरदस्तीनं भरायला लावू नका. लिहिलेलं वाचून दाखवायची सक्तीही नको, आणि कुणी वाचलं तर त्यावर कुणी सल्ला द्यायचा नाही. हा नियम सभेच्या सुरुवातीलाच सांगावा लागतो, नंतर सांगितला तर कुणाला तरी लागतो.

पुढचे बुधवार: दुसरा ५६, तिसरा ६२, चौथा २७, पाचवा ७३, सहावा १३१ आणि त्याला जोडून २३. पाचव्या आठवड्यात वेळ पुरणार नाही, ७३ ची वचनं २८ आहेत. ते सगळ्यांनी घरून वाचून यावं आणि सभेत २, १३, १७ आणि २३ ही चारच घ्यावीत: पाय घसरायला आले, मन शुद्ध ठेवलं ते व्यर्थच, मग देवाच्या पवित्रस्थानात गेलो, आणि शेवटी ‘तू माझा उजवा हात धरला आहेस’. सगळं वळण १७ व्या वचनापाशी आहे.

रास्तापेठ_वाचक

वरच्या मांडणीला माझी पूर्ण साथ आहे, फक्त एक भर. तक्रार, मागणं, भरवसा हा क्रम साचा म्हणून शिकवू नका. चौथ्या बुधवारी २७ घ्याल तेव्हा तो मोडेल. तिथं पहिली सहा वचनं ठाम भरवशाची आहेत, आणि सातव्यापासून माणूस हाक मारायला लागतो: तोंड लपवू नकोस, मला टाकू नकोस. म्हणजे भरवशानंतरही भीती परत येते. चिंता पुन्हा आली म्हणून आपला विश्वास खोटा होता असं समजणाऱ्यांना हे स्तोत्र मुद्दाम वाचायला द्या. तेरावं वचन मूळ इब्रीत अर्धवट वाक्य आहे, “मी विश्वास ठेवला नसता तर...” आणि पुढचं सांगितलेलंच नाही. चौदाव्यात “वाट पाहा” दोनदा येतं. तुटलेलं वाक्य आणि मग वाट पाहणं, हे एवढंच लोकांसमोर ठेवलं तरी पुष्कळ झालं.

६२ बद्दलही. त्यात इब्री ‘अख’, म्हणजे ‘फक्त’, सहा वेळा आहे. पहिलं आणि पाचवं वचन शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात तो सांगतो की माझा जीव देवासाठी शांत आहे. मग तिसऱ्या-चौथ्यात माणसं त्याला पाडायला टपलेली दिसतात, आणि पाचव्यात तो त्याच जिवाला आज्ञा करतो: शांत राहा. जे आधी होतं ते आता स्वतःला सांगावं लागतंय. दुसऱ्या वचनात तो म्हणतो मी फारसा ढळणार नाही, सहाव्यात ‘फारसा’ गळून पडतो. हे बदल आवाजात ऐकू आले पाहिजेत, म्हणून ६२ एकाच चांगल्या वाचकाकडून वाचून घ्या, सगळ्यांनी मिळून नको. चौथ्या आणि आठव्या वचनानंतर ‘सेला’ आहे, ती बहुधा थांबण्याची खूण. बहुतेक जण तो शब्द वाचून पुढे सरकतात. तिथं चार-पाच श्वासांएवढं गप्प बसा.

आणि ९१. ते वगळा असं म्हणत नाही, पण ते ताईत झालंय. दाराला चिकटवलं की घरात आजार येणार नाही, अशा भावनेनं ते म्हटलं जातं. मत्तय ४:६ मध्ये सैतान याच स्तोत्राची ११ आणि १२ ही वचनं येशूला ऐकवतो आणि वरून उडी टाक म्हणतो. येशू अनुवाद ६:१६ नं उत्तर देतो: देवाची परीक्षा पाहू नको. स्तोत्राचं स्वतःचं वचन १५ वाचा. देव म्हणतो, संकटात मी त्याच्याजवळ राहीन. म्हणजे संकट येणार हे धरलेलंच आहे. ज्या घरात मृत्यू झालाय त्या घरी ९१ ची सुरुवातीची वचनंच वाचून निघून येणं फार जखम करतं.

शब्द_आणि_वचन

भाषेबद्दल थोडं, कारण मराठी वाचकाची अडचण तिथंही असते.

आपल्या शास्त्रात “परमेश्वरावर भाव ठेव” असं येतं. जुन्या पिढीला ‘भाव’ म्हटलं की भक्तिभाव आठवतो, ‘भाव तेथे देव’ आठवतं. तरुणांच्या कानाला तो भाजीचा भाव लागतो. अर्थ आधी सांगून टाका. इब्रीत यामागे ‘बाताख’ आहे, म्हणजे निर्धास्तपणे एखाद्यावर विसंबणं. दुसरा शब्द ‘खासा’, आसऱ्याला जाणं. पाऊस आला की छपराखाली पळतो तसं. आधी मन तयार करावं लागत नाही, पळावं लागतं. तिसरा ‘कावा’, आशा धरून वाट पाहणं. भरवसा म्हणजे नेहमी शांत वाटणं, अशी समजूत असेल तर हे तीन शब्द ती दुरुस्त करतात. कुणाला विसंबता येत नसेल तर पळता येईल. पळताही येत नसेल तर वाट पाहता येईल.

स्तोत्र ३७:५ मध्ये “परमेश्वरावर सोपवून दे” आहे. तिथलं इब्री क्रियापद ‘गालाल’, लोटणं किंवा गडगडवणं. उत्पत्ती २९ मध्ये विहिरीच्या तोंडावरचा धोंडा लोटतात, तिथं हेच क्रियापद आहे. मार्केट यार्डातला हमाल पाठीवरचं पोतं अलगद उचलून ठेवत नाही, वाकून थप्पीवर लोटून देतो. सोपवणं ते तसं. ५५:२२ मधलं ‘भार टाक’ हेही याच जातीचं. पण ५५ चा संदर्भ सांगा: तिथं भार म्हणजे जिवलग मित्रानं केलेला दगा, वचनं १२ ते १४.

२३ वाचताना सर्वनामांकडे लक्ष द्या. पहिल्या तीन वचनांत देव ‘तो’ आहे: तो नेतो, तो बसवतो. चौथ्यात मृत्युछायेची दरी आली की एकदम “तू माझ्याबरोबर आहेस”. कुरणात देवाविषयी बोलणं चाललं होतं, दरीत देवाशी बोलणं सुरू झालं. शेवटच्या बुधवारी फक्त हे एक दाखवा, बाकी सगळ्यांना पाठच असतं.

सभेत कॅथलिक बंधुभगिनी असतील तर आकड्यांचा घोळ होतो. ग्रीक भाषांतरात ९ आणि १० एकत्र असल्यामुळे तिथून पुढे जवळजवळ १४७ पर्यंत क्रमांक एकानं मागे पडतो. जुन्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकांत आपलं २३ हे २२ असतं. नवीन छपाईत बहुधा इब्री क्रमांकच असतात. क्रमांकाबरोबर पहिली ओळ सांगितली की प्रश्न मिटतो. ठळक अक्षरांतली विषयशीर्षकं छापणाऱ्यांनी घातलेली असतात. “दाविदाचे स्तोत्र, त्याला पलिष्ट्यांनी गथ येथे धरले तेव्हाचे” अशी माहिती मात्र प्राचीन आहे, ती वगळू नका. ५६ च्या आधी १ शमुवेल २१ ची १० ते १५ वचनं वाचली की “मला भीती वाटेल तेव्हा” ही कसली भीती ते कळतं.

शब्द अडला तर दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर छापून झालं. साध्या बायांना वाचता यावं हा त्यांचा हेतू होता, आणि ताडून पाहायला ते आजही उपयोगी पडतं.

वडगावशेरी_बुधवार

खूप आभार, दादा, ताई. दोन शंका राहतात. एखाद्याच्या सहा ओळींत भरवशाची जागा सहाही आठवडे कोरीच राहिली तर? आणि ५६ च्या सातव्या वचनात शत्रूंना खाली पाडायची मागणी आहे. ती मोठ्यानं वाचावी का?

रास्तापेठ_वाचक

कोरी राहिली तर त्यांना ८८ दाखवा. त्याच्या शेवटी वळण नाहीच, मूळ इब्रीत शेवटचा शब्द अंधार आहे. भरवसा शोधायचाच असेल तर तो पहिल्या वचनात आहे: “माझ्या उद्धारक देवा” अशी हाक. अंधारातही ती हाक देवालाच आहे. हे स्तोत्र दीडशे स्तोत्रांत ठेवलं गेलं, म्हणजे असं प्रार्थना करणाऱ्यालाही मंडळीत जागा आहे. पण माणूस झोपत नसेल, जेवत नसेल, जगणं नको म्हणत असेल तर नुसतं स्तोत्र देऊन थांबू नका. त्याच आठवड्यात कुणीतरी सोबत जाऊन डॉक्टरांना दाखवावं. १२७:१ मध्ये नगराचं रक्षण परमेश्वर करतो, म्हणून काही पहारेकरी घरी जाऊन झोपत नाही.

शत्रूंबद्दलची वचनं वाचावीत. सूड स्वतः न घेता देवाच्या हाती देणं हेही सोपवणंच आहे, रोम १२:१९ तेच सांगतं. वाचून झाल्यावर नावं घेऊ नयेत, एवढं बंधन ठेवा. नाहीतर प्रार्थनेच्या आडून मंडळीतली भांडणं बाहेर येतात.

पेन्सिल_आणि_स्तोत्र

घरच्या पंधरा मिनिटांचं राहिलं होतं. रोज नवं स्तोत्र घेऊ नका. आठवड्याला एकच, सभेत झालेलं. तीन मिनिटं मोठ्यानं वाचन, अर्धविरामापाशी थांबून, कारण दुसरा अर्धा भाग पहिल्यालाच पुढे नेतो आणि घाईत तो निसटतो. पाच मिनिटं वहीत तीन ओळी: आजची तक्रार, आजचं नेमकं मागणं, आणि त्या स्तोत्रात देवाविषयी जे सांगितलंय त्यातली एक गोष्ट. तिसऱ्या ओळीत स्वतःच्या भावना नकोत, देवाचा स्वभाव लिहा. बहुतेक वह्या इथंच फसतात. “मला आज बरं वाटलं” असं लिहिलं की ज्या दिवशी बरं वाटत नाही त्या दिवशी लिहायला काही उरत नाही. उरलेली सात मिनिटं प्रार्थना, त्यातली शेवटची दोन गप्प बसून. वर तारीख घाला आणि महिन्यानं मागची पानं वाचा, मागण्यांची ओळ कशी बदलत गेली ते दिसेल.

गप्प बसणं जड जात असेल तर १३१ आधीच पाठ करून ठेवा, तीनच वचनं आहेत. त्यातलं बाळ दूध तुटलेलं आहे हे विसरू नका. अंगावर पिणारं बाळ आईजवळ दुधासाठी चुळबुळतं. दूध तुटलेलं बाळ काही न मागता नुसतं टेकून बसतं.

शुभशुक्रवार या सहा आठवड्यांत येत असेल तर त्या बुधवारी वरचा क्रम बाजूला ठेवा आणि २२ चं पहिलं वचन व ३१ चं पाचवं, ही दोनच घ्या. वधस्तंभावर येशूच्या तोंडी ही दोन्ही आहेत: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला” हे मत्तय आणि मार्कात, आणि “मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो” हे लूकमध्ये. त्या दिवशी समासात ‘त’ आणि ‘भ’ या दोनच खुणा लागतील. राहिलेलं स्तोत्र पुढच्या बुधवारी घ्या.