डब्ल्यूपी इंजिनं १९६७ पर्यंत बांधत राहणं बरोबर होतं का?

रूळवेडा

गेल्या महिन्यात कामासाठी दिल्लीला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून हरियाणातल्या रेवाडीला जाऊन वाफेच्या इंजिनांची शेड पाहून आलो. तिथे 'अकबर' आहे, डब्ल्यूपी जातीचं वाफेचं इंजिन, क्रमांक ७१६१. पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात १९६५ साली बांधलेलं. सोबतच्या मित्राने साल ऐकलं आणि विचारलं, "पासष्ट? तोवर डिझेल आलं होतं ना?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आता देतो. माझं मत असं की पासष्ट साली अकबर बांधणं योग्यच होतं. पटलं नाही तर खोडून काढा.

आधी ही जात आली कुठून ते सांगतो. तिच्या आधी एक्सबी नावाची प्रवासी गाड्यांची इंजिनं होती. वेग घेतला की ती रुळांवर डावी-उजवीकडे डोलायची, आणि तो डोल रूळच वाकडे करायचा. १७ जुलै १९३७ ला पाटण्याजवळ बिहटा इथे एक्सबी जोडलेली गाडी घसरली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. चौकशी समिती बसली, तिच्यात ब्रिटनचे रेल्वे इंजिनिअर विल्यम स्टॅनिअरही होते. मग युद्ध आलं. युद्धानंतर नव्या इंजिनाचं आरेखन झालं ते अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीबरोबर, आणि पहिली १६ इंजिनं १९४७ साली तिथूनच बांधून आली. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पी म्हणजे पॅसेंजर.

अकबरच्या बाजूला उभं राहून पाहिलं की आरेखन करणाऱ्यांनी कोणाचा विचार केला होता ते कळतं. दोनच सिलिंडर, दोन्ही बाहेर. चाकं फिरवणारे दांडे, झडपांची सगळी यंत्रणा, सगळं उघड्यावर. चौकट जाड पोलादी पट्ट्यांची, मधून पलीकडचं दिसतं. त्या काळातल्या बऱ्याच नावाजलेल्या ब्रिटिश इंजिनांना मधला तिसरा सिलिंडर असायचा, आणि त्याला तेल द्यायला माणसाने चौकटीच्या आत शिरायचं. इथे तेलाची झारी घेऊन जमिनीवरून इंजिनाभोवती एक फेरी मारली की काम झालं. भट्टीची जाळी ४६ चौरस फूट, म्हणजे डबलबेडपेक्षा मोठी. आपल्या कोळशात राख फार, तो पसरून जाळावा लागतो, म्हणून एवढी रुंद. मोठी चाकं ५ फूट ७ इंच, बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला २१० पौंड. यात अचाट असं काही नाही, पण सगळं आपल्या कोळशाला, आपल्या रुळांना आणि आपल्या फिटरला धरून आहे.

१९४७ ते १९६७ या वीस वर्षांत अशी ७५५ इंजिनं झाली. अमेरिका, कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि शेवटची २५९ चित्तरंजनला. १९६४ मध्ये ताज एक्सप्रेस सुरू झाली तीसुद्धा डब्ल्यूपीवर. देशात कोळसा होता, तेल फारसं नव्हतं. मुंबई हाय सापडलं १९७४ ला. परकीय चलनाचा एकेक डॉलर मोजून खर्च होत होता. अशा वेळी ज्याचं इंधन आपल्या जमिनीत आहे, जे आपल्या कारखान्यात बनतं आणि आपल्या कुठल्याही शेडमध्ये दुरुस्त होतं, ते इंजिन बांधायचं नाही तर कुठलं?

हिशेबनीस

आरेखनाबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं मान्य. १९४७ साली डब्ल्यूपी हा चांगला निर्णय होता, १९५५ लाही असेल. माझा आक्षेप त्या शेवटच्या २५९ ला आहे.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. मुंबई-पुणे दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली तीच विजेवर. म्हणजे घाटातून जड गाडी ओढायला वीज काय करते, हे रेल्वेला तीस वर्षं माहीत होतं. ब्रिटिश रेल्वेने १९६० नंतर नवं वाफेचं इंजिन बांधलं नाही. १४ ऑक्टोबर १९६१ ला चित्तरंजनमधून नेहरूंच्या हस्ते पहिलं विजेचं इंजिन बाहेर पडलं, त्याचं नाव 'लोकमान्य'. जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं डिझेल आलं. आणि चित्तरंजनने डब्ल्यूपी बांधायला घेतली कधी? १९६३ ला! ज्या कारखान्याने विजेचं इंजिन बनवून दाखवलं, त्यानेच दोन वर्षांनी वाफेचं नवं काम हाती घेतलं. जुनं काम चालू होतं ते संपवलं असं म्हणायलाही जागा नाही.

कोळसा आपला होता हे खरं, पण तो फुकट नव्हता. वाफेच्या इंजिनात शंभर भाग उष्णतेतले जेमतेम सात-आठ भाग चाकापर्यंत पोचतात. बाकी धुराड्यातून वर. शिवाय कोळसा बंगाल-बिहारात आणि इंजिनं देशभर, म्हणजे इंजिनांना खायला घालायचा कोळसा वाहून न्यायला पुन्हा गाड्या, पुन्हा इंजिनं. त्या वाघिणींमधून धान्य गेलं असतं, सिमेंट गेलं असतं.

आणि शेवट बघा. ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची शेवटची गाडी ६ डिसेंबर १९९५ ला धावली. १९६७ ला बांधलेल्या इंजिनाला फार तर २८ वर्षं मिळाली, बहुतेकांना त्याहून कमी. धडधाकट इंजिनं आपण भंगारात काढली.

रूळवेडा

१९६३ चा मुद्दा वजनदार आहे, पण त्यात एक गोष्ट राहिली. चित्तरंजन १९५० पासून मालगाडीचं डब्ल्यूजी इंजिन बांधत होतं. पहिलं 'देशबंधू', १ नोव्हेंबर १९५० ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बाहेर पडलेलं. डब्ल्यूजी आणि डब्ल्यूपीचा बॉयलर एकच. आणखीही पुष्कळ भाग सारखे. चाकं लहान-मोठी, मांडणी वेगळी, पण कारागिराच्या हाताला काम ओळखीचं. डब्ल्यूजी तर पुढे जून १९७० पर्यंत बांधली गेली, शेवटचीचं नाव 'अंतिम सितारा'. तेव्हा १९६३ ला चित्तरंजनने नवा संसार थाटला नाही, चालत्या घरात एक खोली वाढवली.

विजेचं इंजिन तार असेल तिथेच चालतं. खांब, तांबं, उपकेंद्रं आणि मुळात वीज, हे सगळं आधी उभं राहायला हवं. वाराणसीची सुरुवातीची डिझेलं अमेरिकेतून आलेले सुटे भाग जोडून झाली, म्हणजे किंमत डॉलरमध्ये. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांना गेला. त्या वर्षी कोणी म्हणालं असतं की वाफ थांबवा आणि डिझेल आणा, तर पैसे कुठून आणले असते? ब्रिटनशी तुलना तर मला अजिबात पटत नाही. त्यांना गाड्या कमी करायच्या होत्या, आपल्याला वाढवायच्या होत्या.

घाटमाथा

मधेच एक विचारतो. ते पुढचं टोकदार नाक कशासाठी? ताशी शंभराच्या आसपास वेग असलेल्या इंजिनाला वारा कापायची गरज नाही. पत्रा वाढला, वजन वाढलं. साधेपणाचं एवढं कौतुक चाललंय त्यात हे बसत नाही.

रूळवेडा

वेगासाठी त्याचा उपयोग नाही, बरोबर. ते शोभेचंच आहे. पण मला ते हवं होतं असंच वाटतं. १९४७ साली देशाला मिळालेलं इंजिन होतं ते. शेडमधली माणसं त्या नाकावर चांदणी रंगवायची, पितळी पट्ट्या घासून लख्ख ठेवायची. आपल्या इंजिनाचा अभिमान वाटणारा माणूस त्याची निगा जास्त राखतो, आणि वाफेच्या इंजिनाचं आयुष्य निगेवरच असतं.

ओवी

माझे वडील फायरमन होते. १९६८ ला लागले, एका मोठ्या जंक्शनच्या शेडला. नाव लिहीत नाही. त्यांनी डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी दोन्हींवर काम केलं. रूळवेडा, तुम्ही लिहिलंत ते वाचून त्यांना आनंद झाला असता, खरंच. पण तुमच्या लिखाणात फिटर आहे, तेल देणारा आहे, पितळ घासणारा आहे. भट्टीपुढचा माणूस नाही.

४६ चौरस फुटांची जाळी म्हणालात. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, कोळसा १५ टन. तो भट्टीत जायचा तो फावड्याने, दोन फायरमन आळीपाळीने. अमेरिकेत मोठ्या इंजिनांना कोळसा ढकलणारं यंत्र असायचं, आपल्या डब्ल्यूपीला ते नव्हतं. बाबा सांगायचे, नुसता आत फेकला की झालं असं नसतं. मागचे दोन कोपरे, दोन्ही कडा, मग पुढे, जिथे आग पांढरी झाली असेल तिथेच पातळ थर. हलत्या फूटप्लेटवर, दर मिनिटाला तोंडावर धग घेत. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत केस नव्हते. मी लहानपणी समजत होते की सगळ्यांच्याच बाबांचा एक हात असा असतो. मे महिन्यात खेप करून आले की आधी अर्धा तास ओसरीवर बसायचे, कोणी बोलायचं नाही.

निवृत्तीनंतर छाती कायम भरलेली असायची. शेडने कधी साधा रुमालही दिला नव्हता, घरचं धोतर फाडून आई पट्ट्या करायची. शेवटची २५९ इंजिनं परवडली म्हणता, तेव्हा हा खर्च कुठल्या रकान्यात धरला?

रूळवेडा

ओवीताई, धरला नव्हता. इंधन, चलन, सुटे भाग एवढंच मांडत बसलो. तुम्ही लिहिलंत ते माझ्या मांडणीला लागू आहे आणि मी ते मान्य करतो.

तरी एक म्हणतो, वाद घालायचा म्हणून नव्हे. ती इंजिनं बांधली नसती तर तेवढ्या गाड्या धावल्या नसत्या, किंवा जुन्या, आणखी त्रासाच्या इंजिनांवर धावल्या असत्या. चूक असेल तर ती इंजिन बांधण्यात नव्हती. कोळसा ढकलणारं यंत्र बसवलं नाही, फायरमनला साधी साधनं दिली नाहीत, ती चूक.

हिशेबनीस

इथे मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. यंत्र बसवलं असतं तर माणसाचे हाल कमी झाले असते, पण कोळसा उलट जास्तच लागला असता, कारण ते यंत्र हातासारखं निवडून टाकत नाही. म्हणजे माणूस वाचवायचा तर इंधन जातं आणि इंधन वाचवायचं तर माणूस. डिझेलमध्ये हा पेच नाही, विजेत तर नाहीच. म्हणून म्हणतो, १९६३ ला चित्तरंजनची ती खोली वाढवायची नव्हती. तेवढे हात 'लोकमान्य'च्या मागच्या इंजिनांना लावायचे होते. तारा कमी होत्या, कारण तारांवर पैसा कमी लावला. इंजिनं तयार उभी असती तर तारा ओढायची घाई झाली असती.

रूळवेडा

इंजिनं आधी आणि तारा मागून? ते मला धोक्याचं वाटतं. तारेविना उभं विजेचं इंजिन एकही माणूस गावाला पोचवत नाही, डब्ल्यूपी त्याच संध्याकाळी गाडी घेऊन निघते. या मुद्द्यावर आपलं जुळेल असं वाटत नाही.

ओवी

हिशेबनीस म्हणाले ते हाताने निवडून टाकणं, त्यात बाबा पटाईत होते. धुराड्यातून काळा धूर निघाला की ते म्हणायचे, कोळसा फुकट गेला. धूर फिकट राखाडी हवा, दिसेल न दिसेल असा. आम्ही पुलावरून गाडी बघायला जायचो तेव्हा इंजिनाकडे बघायच्या आधी ते धुराकडे बघायचे, आणि आत कोण असेल ते नावानिशी सांगायचे.

१९८३ ला त्यांना डिझेलवर घेतलं. पहिल्या दिवशी पांढरा शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी तसाच पांढरा घेऊन आले. आईने तो नेहमीसारखा वेगळ्या बादलीत भिजवला.