मदत हवी: रेझिस्टिव्हिटी उत्तम, तरी ब्लॉक निघत नाहीत. पुढची तपासणी कोणती?

खाणकरी: मंडळी, घाईत लिहितोय. नव्या खाणीचा रेझिस्टिव्हिटी सर्व्हे (जमिनीत सळया रोवून वीज सोडायची आणि खडक तिला किती अडवतो ते मोजायचं) केला. अहवालात खाली सगळीकडे चार-पाच हजार ओहम-मीटर, शेरा 'एकसंध कातळ'. चाचणीचा खड्डा घेतला तर नुसते तुकडे, धड ब्लॉक (कापून विकता येईल असा मोठा चौकोनी दगड) एकही नाही. आता जीपीआर (जमिनीत रेडिओलहरी सोडणारं रडार) करू की सिस्मिक (जमिनीला धक्का देऊन लहरींचा वेग मोजणं)? यंत्रं थांबली आहेत.

शिलालेख: दगड कुठला? इलेक्ट्रोडमधलं, म्हणजे रोवलेल्या सळयांमधलं, अंतर किती? वर माती किती?

खाणकरी: ग्रॅनाइट, अजून काय! अंतर १० मीटर.

शिलालेख: मग एकमेकींपासून मीटर-दीड मीटरवर असलेल्या भेगा त्यात दिसणारच नाहीत. शिवाय भेगेत ओली माती असेल तर आकडा पडतो, पण कोरडी, हवा भरलेली भेग असेल तर उलट चढतो. मोठा आकडा म्हणजे अखंड दगड नव्हे.

मेगाहर्ट्झ: सरळ जीपीआर घ्या. १०० मेगाहर्ट्झच्या अँटेनाने कोरड्या ग्रॅनाइटमध्ये १०-१५ मीटरपर्यंत आडव्या भेगा छान दिसतात.

सुरुंगनको: आले जीपीआरवाले! वर चिकणमाती असली तर सिग्नल मीटर-दोन मीटरमध्येच विरतो. आणि उभ्या भेगांचं काय?

मेगाहर्ट्झ: माती काढून उघड्या कातळावर फिरवायचं असतं, साहेब. उभ्या भेगांसाठी खाणीच्या उभ्या भिंतीवरून अँटेना ओढायची. बारीक भेगांना ४०० मेगाहर्ट्झ, खोली कमी मिळते एवढंच.

पाणाडी: अहवालात कमी आकडा कुठे आहे? तिथे बोअर मारा, पाणी लागेल.

खाणकरी: मला पाणी नकोय हो!

पाणाडी: खाणीला पाणी लागतंच. वायर सॉ (दगड कापायची तारेची करवत) कोरडी चालवणार का?

रंगपारखी: यातल्या एकाही पद्धतीने रंग, डाग, पॉलिश कळत नाही. दगड विकला जातो तो त्यावर. कोअर (पोकळ ड्रिलने कापून काढलेला दगडाचा लांब दांडा) काढा, तोही तिरका. उभ्या बोअरला उभ्या भेगा हुलकावणी देतात.

सुरुंगनको: कोअर म्हणजे एका रेषेतली माहिती. आधी सिस्मिक. ताज्या ग्रॅनाइटमध्ये पी-लहरी (धक्क्याच्या सगळ्यात वेगवान लहरी) सेकंदाला ५००० मीटरच्या आसपास धावतात, भेगाळ भागात वेग चांगलाच घसरतो. बरं, खाणकरी, खड्डा कशाने घेतलात?

खाणकरी: सुरुंगाने. त्याचा काय संबंध?

सुरुंगनको: हे आधी सांगायचं की राव! तुकडे नीट बघा. भेगेच्या तोंडावर तपकिरी गंज किंवा मातीचा लेप असेल तर भेग जुनी. स्वच्छ, चमकती कड असेल तर ती बहुधा तुमच्या सुरुंगाचीच करामत.

शिलालेख: +१. आणि माती किती, ते अजून सांगितलं नाहीत.

खाणकरी: दोन्ही प्रकारच्या कडा दिसतायत. माती दोन मीटर, काळी. पण जीपीआर की सिस्मिक, एका शब्दात सांगा ना कुणीतरी!

मेगाहर्ट्झ: माती काढा. मग जीपीआर.

सुरुंगनको: सिस्मिक. मातीसकट.