अमापियानो खरंच वेगळं, की डीप हाऊसच संथ करून वाजवलेलं?

लयवेडा:
हाऊसच्या डीजे सेटमध्ये अमापियानोचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या त्या नाचाच्या संगीताचा, तासभर घालायचा आहे, म्हणून जरा मुळाशी जातोय. ऐकताना चार गोष्टी दिसतात: 112च्या आसपास बीपीएम (मिनिटाला ठोके), जॅझ वळणाचे कॉर्ड, सतत चालणारा शेकर (खुळखुळा) आणि लॉग ड्रम, म्हणजे लाकडी ठोक्यासारखा सिंथचा बास. यातले पहिले तीन दक्षिण आफ्रिकेच्या डीप हाऊसमध्ये आधीपासून होते. संथपणा तिथल्याच क्वायतो या प्रकारातही होता, 90च्या दशकात तिथे हाऊसच खाली उतरवून वाजवायचे. मग उरला फक्त लॉग ड्रम. एका वाद्याच्या जोरावर वेगळा प्रकार मानायचा का? की इन्स्टावर चालतं म्हणून नाव मोठं झालंय?
दुसरं, 122च्या हाऊसला जोडताना सगळं चिखल होतं. काय चुकतंय?

डग्गा_जोरात:
बीपीएम आणि घटकांची यादी करून प्रकार ठरत नाही. झूमरा आणि दीपचंदी घ्या. दोन्ही 14 मात्रांचे, दोन्हींचे विभाग 3-4-3-4. कागदावर एकच. पण झूमरा विलंबित ख्यालाला लागतो, दीपचंदी ठुमरीला, आणि पहिल्या आवर्तनातच कळतं कोण कोण आहे. बोल कुठे पडतात आणि वजन कुठे आहे यावर चाल ठरते.

तोच प्रश्न इथे विचारा: वजन कुठे आहे? हाऊसमध्ये ते किकवर, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्यावर. चारही मात्रांवर ठोका, बास त्याच्या मधल्या जागा भरतो. अमापियानोत किक असतो पण मऊ, आणि कित्येक गाण्यांत बराच वेळ तो नसतोच. बास आणि ताल दोन्ही लॉग ड्रम वाजवतो, तेही मात्रा चुकवून, समेवर हमखास येण्याची सक्ती न मानता. डग्ग्यावर मनगट दाबून ‘घे’ची मींड काढतात ना, तसा स्वर घसरतो. म्हणजे जे काम हाऊसमध्ये दोन वाद्यं करतात ते इथे एक करतं, आणि लय धरून ठेवायची जबाबदारी शेकरवर येते. ही नुसती भर नाही, कामाची वाटणीच बदलली आहे.

घरच्या घरी तपासा. हाऊसच्या गाण्यातला किक म्यूट करा, इमारत पडते. अमापियानोतला करा, नाच चालू राहतो. शेकर म्यूट केलात तर मात्र लॉग ड्रम अधांतरी लोंबकळतो.

वायर_गुंडाळी:
वरचं पटलं, पण लॉग ड्रमला व्याख्या करू नका. सुरुवातीच्या अमापियानोत तो नव्हताच. तेव्हा वरच्या सप्तकातल्या पियानो-ऑर्गनच्या सुरावटी आणि क्वायतोचा बास होता, नावही त्यावरूनच पडलं. लॉग ड्रम रुळवण्याचं श्रेय सहसा एमडीयू उर्फ टीआरपी या निर्मात्याला देतात. आज केल्विन मोमोच्या ‘प्रायव्हेट स्कूल’ शैलीत तो इतका दबका असतो की कॉर्डच पुढे येतात. व्याख्या लॉग ड्रमवर बांधलीत तर एकीकडे जुने लोक बाहेर जातात, दुसरीकडे गायिका टायलाचं ‘वॉटर’ सरळ आत येतं. त्याला 2024 साली ग्रॅमी मिळालं ते ठीक, पण ते पॉप गाणं आहे, अंगावर अमापियानोचा शर्ट घातलेलं.

आपल्याकडच्या ‘अमापियानो मिक्स’चं तेच. हिंदी गाणं, खाली हाऊसचा लूप, दर चौथ्या बारला एक ‘डुंग’. बनवायचंच असेल तर:

एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या डीएक्स10 सिंथमध्ये लॉग ड्रमचा प्रीसेट (तयार आवाज) आहे, सगळ्यांची सुरुवात तिथूनच. सप्तक खाली आणा. मूळ स्वर 44 ते 55 हर्ट्झमध्ये, म्हणजे एफ ते ए. त्याखाली गेलात तर लहान हॉलच्या स्पीकरवर नुसती हवा हलते. चॅनेलच्या सेटिंगमध्ये मोनो (एका वेळी एकच स्वर) आणि पोर्टा (स्वरावरून स्वरावर घसरणं) चालू करा, नाहीतर मींड येणार नाही आणि आधीच्या स्वराची शेपटी पुढच्यावर चढेल. थोडं सॅच्युरेशन (आवाज हलका फाटवणं) हवंच. फोनच्या स्पीकरवर 50 हर्ट्झ ऐकूच येत नाही, वरचे हार्मोनिकच कानाला स्वर सांगतात. शेकर सोळाव्या भागांवर, स्विंग (दर दुसरा ठोका किंचित उशिरा) 54 ते 58 टक्के, आणि व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) प्रत्येक ठोक्याला वेगळी. सगळ्या 100वर ठेवल्यात तर शिलाई मशीन वाजतं. ईडीएमच्या सवयीने साइडचेन (किक आला की बास आपोआप दबवणं) लावू नका. किकला जागा करून द्यायला बास दबला की गाण्याचा श्वासच जातो.

दोन_डेक:
चिखलाबद्दल. 112 ते 122 म्हणजे जवळपास 9 टक्के. की-लॉक (वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवणारी सोय) बंद असेल तर पट्टी सुमारे दीड सेमीटोन चढते, कुठल्याच गाण्याशी जुळत नाही. चालू ठेवलात तर लॉग ड्रमचा सुरुवातीचा ठोका फाटतो, कारण सॉफ्टवेअर नेमका तोच ताणतं. दोन्हीकडून नुकसान.

म्हणून इतकं ओढू नका. हाऊसकडची शेवटची दोन-तीन गाणी 120, 118, 116 अशी निवडून उतरा, अमापियानो 113-114ला घ्या, म्हणजे फरक 2-3 टक्क्यांवर येतो. जोडताना हाऊसचा लो-ईक्यू (मिक्सरवरचा बासचा नॉब) पूर्ण बंद करूनच लॉग ड्रम आत घ्या. दोन बास एकत्र ठेवलेत की तुम्ही म्हणता तो चिखल. आणि घाई नको. ही गाणी 6-7 मिनिटांची असतात, लॉग ड्रम दोन-दोन मिनिटं येत नाही. हाऊसच्या सवयीने मिनिटभरात पुढचं गाणं आणलंत तर ज्याची वाट बघायची तेच कापलं जातं.

कॅसेट_चिकट:
थोडा विरोध. ‘वेगळं’ म्हणताना घराणं विसरू नका. जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या टाउनशिपमधले हेच डीजे आधी हाऊस वाजवत होते. डीजे माफोरिसा अमापियानोच्या आधीपासून नावाजलेला आहे, काब्झा डी स्मॉलसोबतचा ‘स्कॉर्पियन किंग्ज’ अल्बम 2019चा. प्रिटोरियाच्या बाकार्डी हाऊसचे ड्रम तर आजच्या गाण्यांत सरळ ऐकू येतात. डर्बनचं ग्कोम हे नाच-संगीत किकचा पॅटर्न मोडून हाऊसपासून तुटलं, तसं इथे नाही झालं. इथे एकाच घरात दुसरी चूल मांडली.

पण वेगळी चूल आहे हे मान्य, आणि माझ्या मते त्याचं कारण संगीतापेक्षा वाटप जास्त. गाणी रेडिओआधी व्हॉट्सअ‍ॅपवर, फाइल शेअरिंगच्या साइटवर आणि टॅक्सीतल्या स्पीकरवर फिरली. तिथे तीन मिनिटांची अट घालणारं कोणी नव्हतं. वर दोन_डेक म्हणतात ती दोन मिनिटांची वाट तिथूनच आली.

लयवेडा:
किक म्यूट करून बघितलं, डग्गा_जोरात बरोबर आहेत. आता थ्री-स्टेप या प्रकाराचं काय? थाकझिन या निर्मात्याचं ऐकतोय, तोही प्रकार वेगळा धरायचा?

डग्गा_जोरात:
तिथे उलट आहे. किक परत राजा झालाय, फक्त चारऐवजी तीन, एक जागा मोकळी सोडलेली. म्हणून किक म्यूट केलात तर पुन्हा इमारत पडते. माझ्या हिशेबाने ते अमापियानोपेक्षा अफ्रो हाऊसच्या जवळ. सेटमध्ये घ्यायचं असेल तर 116 आणि 113च्या मधल्या उतारावर ठेवा, तिथे चांगलं बसतं.