इथियोपिया-सोमालीलँड करारावर सोमालिया एवढा का संतापला?

प्रश्न: १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाल्यापासून इथियोपियाला समुद्रकिनारा उरलेला नाही, हे समजते, परंतु जानेवारी २०२४ मध्ये सोमालीलँडशी केलेल्या सामंजस्य करारामुळे सोमालिया एवढा का दुखावला गेला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: सोमालीलँडने १९९१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले असले, तरी सोमालिया त्यास आपलाच प्रांत मानतो, त्यामुळे इथियोपियाला किनारा देण्याच्या बदल्यात सोमालीलँडला स्वतंत्र देश म्हणून मान्यतेची भाषा होणे हा मोगादिशूच्या, म्हणजे सोमाली सरकारच्या, दृष्टीने सार्वभौमत्वावरचाच घाला होता. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये सोमालियाने इजिप्तशी संरक्षण करार केला. नील नदीवरील धरणावरून इजिप्तचे इथियोपियाशी आधीच बिनसलेले आहे, म्हणजे भांडण किनाऱ्याचे आणि त्यात ओढले गेले नदीचे पाणी!

प्रतिसाद २: वरील माहितीत थोडी भर घालतो. इथियोपियाचा बहुतांश सागरी व्यापार जिबूतीमार्गे चालतोच. सोमालियाला अधिक खुपला तो त्या किनाऱ्यावर इथियोपियाच्या नौदलाच्या तळाचा बेत. डिसेंबर २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या मध्यस्थीने अंकारा येथे समझोता झाला आणि इथियोपियाने सोमालियाच्या प्रादेशिक अखंडतेचा आदर मान्य केला. माझ्या मते खरी धास्ती आता एरिट्रियाच्या असाब बंदराविषयी वाटावी, कारण समुद्रासाठी इथियोपियाची नजर तिकडे वळू शकते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. इजिप्तचा दुवा माझ्या ध्यानातच आला नव्हता.