‘सिव्हिलला बाळंतपण म्हणजे कंजूषपणा’ म्हणणाऱ्यांसाठी

शेवगा
काल एका गृहस्थांची पोस्ट वाचली. बायकोचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात करणारा नवरा एकतर कंजूष नाहीतर बेफिकीर, आणि ज्याला ऐंशी हजारांचं पॅकेज झेपत नाही त्याने पाळणा हलवायची घाई करू नये, असा एकूण सूर. खाली ही एवढी रांग, सगळ्यांचे अंगठे वर. उत्तर लिहायला गेले तर साहेबांनी प्रतिसादच बंद केलेले. म्हणून इथे. लांबलं तर लांबलं.

माझी दोन्ही बाळंतपणं महापालिकेच्या दवाखान्यात झाली. परवडत नव्हतं म्हणून नव्हे, नवऱ्याच्या कंपनीचा विमा होता. आधी एका खासगी डॉक्टरांकडे नाव घातलं होतं. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या काउंटरवरच्या मुलीने माझ्यासमोर एक गुळगुळीत कागद ठेवला: जनरल, सेमी, डीलक्स. प्रत्येकाखाली नॉर्मलचा दर बारीक अक्षरात आणि सिझरचा ठळक. तिथूनच उठले.

आता आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१. देशभरात खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियन, सरकारीत १४.३. बायका त्याच देशातल्या. खासगीची पायरी चढली की कंबरेची हाडं आवळतात का? ‘पाणी कमी झालंय’, ‘नाळेचे वेढे आहेत’, ‘बाळाने पोटात शी केली’ ही वाक्यं ऐकली की कुठलाही बाप दाखवाल तिथे सही करतो. ती कधीकधी खरी असतात, म्हणून तर चालतात.

आणि फुकट ते वाईट, हे कुठून आलं? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत जेवण, न्यायला-आणायला गाडी, सगळं मोफत. आपल्याच करातून. ते वापरणाऱ्याला कंजूष म्हणायचं आणि पॅकेज घेणाऱ्याला प्रेमळ नवरा!

टॉपगियर
ताई, तुमचं नशीब चांगलं. नशिबाला धोरण म्हणू नका.

भंडारा, ९ जानेवारी २०२१. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग, दहा बाळं गेली. नांदेड, ऑक्टोबर २०२३. चोवीस तासांत चोवीस मृत्यू, त्यात बारा नवजात. भांडुप, २०२४. पालिकेच्याच प्रसूतिगृहात वीज गेल्यावर मोबाईलच्या उजेडात सिझर केल्याचा आरोप, आई गेली, बाळही गेलं. हे कुठल्या सर्वेक्षणात बसवू?

माझ्या मेहुणीला आम्ही सरकारीत नेलं होतं. एका कॉटवर दोघी, एकीचं डोकं तिकडे, एकीचं इकडे. कळा सुरू असताना ओरडली म्हणून सिस्टरने मांडीवर चापट मारली आणि म्हणाली, ‘तेव्हा बरं गोड लागलं होतं?’ बाहेर माझी सासू बसलेली, तिला दारातून सगळं ऐकू येत होतं. वर बाळ पुसून आणणारी मावशी दारातच अडून राहिली. मुलगा आहे, हजार काढा. मुलगी असती तर पाचशे. सासूबाईंच्या पिशवीत सुटे नव्हते तर मावशी बाळ घेऊन पुन्हा आत.

मी ऐंशी हजार भरले ते डीलक्स रूमसाठी नाही. माझ्या बायकोशी कुणी नीट बोलावं म्हणून भरले.

खवचट
म्हणजे ‘अहो-जाहो’चे ऐंशी हजार. जीएसटीसकट का?

निवृत्त_सिस्टर
ती चापट आणि ते वाक्य, दोन्ही मी ऐकलेलं आहे. माझ्या वॉर्डात ऐकलंय. त्याला माफी नाही आणि मी ती मागणारही नाही, कारण मी मारलेलं नाही. पण टॉपगियर, रात्रपाळीला सिस्टर एक, मावशी एक, टेबलावर तिघी आणि दारात चौथी रिक्षातून उतरतेय, हे तुम्ही एकदा उभं राहून बघा. मग माणसाची जीभ कुठून घसरते ते कळेल. समर्थन करत नाहीये. कळावं म्हणून सांगतेय.

आता चौथी कोण ते सांगते. ती खासगीतून आलेली असते. दिवसभर तिथे कळांचं सलाईन लावून ठेवलेलं, मग बाळंत झाली, वार नीट सुटली नाही, रक्त थांबेना. त्या दवाखान्यात डॉक्टर एकटे, भूलतज्ज्ञ फोनवर, रक्तपेढी गावातच नाही. मग चिठ्ठी: ‘पुढील उपचारासाठी सिव्हिलला रवाना’. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरला नाही तर धडधाकट बाई दोन तासांत हातातून जाऊ शकते. त्यातला निम्मा वेळ आधीच गेलेला असतो. आमच्याकडे येऊन ती गेली की नोंद आमच्या रजिस्टरला. खासगीचं रजिस्टर स्वच्छ.

तुम्ही म्हणता सरकारीत बायका मरतात. अहो, मरायला टेकलेल्या येतातच तिथे. दुसरीकडे त्यांना घेतं कोण?

स्त्रीरोगतज्ज्ञाचा_नवरा
सिस्टर, आदर आहे, पण एकच बाजू सांगताय. माझी बायको तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. ती बाई वेळेत पाठवली तर ‘जबाबदारी झटकली’, ठेवून घेतली आणि काही झालं तर काचा फुटणार. २०१० चा हल्लाविरोधी कायदा आहे, दर्शनी भागात त्याचा बोर्डही लावलाय. दगड मारणारा बोर्ड वाचत नाही.

आणि ग्राहक कायदा विसरू नका. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन केलेला उपचार त्यात येतो. जिथे सगळ्यांना सगळं मोफत, ती सेवा येत नाही. म्हणजे सरकारी डॉक्टर बारा तास कळा बघत थांबू शकतो. खासगीत बाळाचे ठोके जरा खाली आले आणि थांबलं, तर उद्या वकील विचारणार, का थांबलात? त्या ४७ टक्क्यांत लोभ आहे, नाही म्हणत नाही. पण भीतीही आहे.

आणखी एक. भटजींनी काढलेला मुहूर्त व्हॉट्सॲपवर येतो: ‘मॅडम, सकाळी १०.१२ ते १०.४० मध्ये होईल का?’ हेच लोक नंतर सिझरच्या टक्केवारीवर पोस्टी लिहितात.

शेवगा
मुहूर्तवाल्यांना माझ्या वाटच्याही दोन शिव्या घाला. पण भीतीचं बिल पेशंटने का भरायचं?

आणि वकिलाची एवढी भीती असेल तर खासगी दवाखान्यांसाठीच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायची असते, ती आहे का हो लावलेली? हल्ल्याच्या कायद्याचा बोर्ड दिसला म्हणून विचारलं.

स्त्रीरोगतज्ज्ञाचा_नवरा
लावलेली आहे. फोटो पाठवू?

शेवगा
पाठवा. फ्रेम करते.

मुक्ता_आंबेजोगाई
इतके प्रतिसाद झाले आणि एकानेही विचारलं नाही की पैसे कोण भरतं. ‘मी ऐंशी हजार भरले’ म्हणणारा नवरा मला तरी दुर्मीळ वाटला. पहिलं बाळंतपण माहेरी. बिल माहेरी. दवाखाना मात्र सासर ठरवतं!

माझंच सांगते. सासूबाईंनी सातव्या महिन्यात ओटी भरताना माझ्या वडिलांना चार बायकांसमोर बजावलं, ‘आमच्या सुनेला साध्या दवाखान्यात टाकू नका बरं का.’ वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. आमच्या गावात तर सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, लोक लांबून येतात तिथे. पण नाही, खासगी. सिझर, बाळ काचेच्या पेटीत, वडिलांची एफडी मोडली. नवरा बारशाला आला, सोबत पेढे. ते अर्धा किलो.

अण्णा_इस्लामपूर
ताई, प्रत्येक गोष्टीत सासरला ओढायची फॅशन झाली आहे. पहिलटकरणीला आईचा हात हवा असतो म्हणून ही रीत पडली. माझ्या दोन्ही मुलींची बाळंतपणं मी केली, आनंदाने केली, कुणी मागितलं नव्हतं.

मुक्ता_आंबेजोगाई
अण्णा, आईचा हात हवाच. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, रात्री बाळ घेणं, सगळं हवं. त्यात दवाखान्याचं बिल कुठून घुसलं? मूल काय एकट्या माहेरचं आहे? आडनाव लावताना तर तसं काही दिसत नाही.

अण्णा_इस्लामपूर
बोलायची पद्धत सांभाळा.

टॉपगियर
विषय काय, चाललंय काय. धागाकर्त्या, आवरा.

खवचट
चालू द्या हो. अण्णा, खरं सांगा, जावयाला विचारलं होतं का की ‘निम्मे देता का’?

अण्णा_इस्लामपूर
जावयाकडे पैसे मागायचे? आमच्याकडे असं करत नाहीत.

मुक्ता_आंबेजोगाई
हेच! हेच लिहीत होते मी. आणि ‘कुणी मागितलं नव्हतं’ म्हणता, बारशाला जावयाची अंगठी, बाळाच्या गळ्यातलं, विहीणबाईंची साडी, हेही कुणी मागितलं नसेल. नुसतं बघत असतील.

अण्णा_इस्लामपूर
साडी नेसवणं हा मान असतो. तुम्हाला मान आणि हुंडा यातला फरक कळत नसेल तर बोलून उपयोग नाही. मी थांबतो.

रानपाखरू
अण्णा थांबले तरी मी थोडं पुढे नेतो, कारण हा फाटा वाटतो तितका बाजूचा नाही. आमचं असं झालं: सगळी तपासणी पुण्यात, डॉक्टर ओळखीचे, सोनोग्राफी सगळी त्यांच्याकडे. सातव्यानंतर रीतीप्रमाणे बायको माहेरी, हिंगोलीकडे. तिथल्या डॉक्टरांनी फाइल उघडलीसुद्धा नाही, ‘आमच्या मशीनवर पुन्हा करा’. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे हे पुण्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं. ते तिथे कळलं एका रात्री रक्त जायला लागल्यावर. १०८ आली, जिल्ह्याला नेलं, निभावलं. आता सांगा, हे सरकारीचं अपयश की खासगीचं? मला तर दोन गावांच्या मधल्या त्या पिशवीचं वाटतं, ज्यात फाइल होती.

निवृत्त_सिस्टर
रानपाखरू, हे रोजचं आहे. आठव्या-नवव्या महिन्यात एसटीने उतरतात, ना माता-बाल कार्ड ना रिपोर्ट. रक्तगट विचारला तर ‘ह्यांना माहीत आहे’ म्हणतात, आणि हे पुण्याला. माहेरी जायचंच तर लवकर जाऊन तिथल्या आशाताईकडे नाव घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारीत डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, ती एकदा तरी तिथे करा, म्हणजे कागद तयार राहतो. प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई ठेवता येते, २०१६ पासून केंद्राने मुभा दिलेली आहे. आत घेत नाहीत म्हणाल तर मान्य, बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. पण मागा तरी.

टॉपगियर
सिस्टर, तुम्ही ड्यूटीवर असता तर कदाचित आम्ही सरकारीत गेलो असतो. कदाचित. पण तुम्ही निवृत्त आहात, आणि तुमच्या जागी कोण आहे ते आम्ही बघून आलोय.

निवृत्त_सिस्टर
माझ्या जागी कुणीच नाही. पद रिकामं आहे. हे खरं दुखणं.

शेवगा
टॉपगियर, मेहुणीच्या बाबतीत जे झालं त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पैसे भरले की माणुसकी मिळते हेही खरं नाही. पुण्यातलं एप्रिल २०२५ मध्ये गाजलेलं प्रकरण आठवा. जुळ्यांची आई होणारी बाई, धर्मादाय म्हणून नोंदलेलं रुग्णालय, आणि दहा लाखांची अनामत. अशा धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बळ घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. ‘नीट बोलणारे’ तिथेही होते. गोड आवाजात आकडा सांगितला एवढंच.

टॉपगियर
ठीक आहे. खासगीवाले गोड बोलून लुटतात आणि सरकारीवाले शिव्या देऊन वाचवतात, असं लिहून देतो. खूश?

खवचट
‘वाचवतात’ लिहून दिलंत, हेच खूप झालं.

स्त्रीरोगतज्ज्ञाचा_नवरा
आणि आमच्यासारखे, जे गोडही बोलतात आणि लुटतही नाहीत, ते कुठल्या रकान्यात?

शेवगा
तुमचा सनदीचा फोटो अजून आलेला नाही.

नवी_पालवी
सगळ्यांचं वाचलं, डोकं भणभणलं. मला आठवा लागला आहे, पहिली खेप, माहेर लातूर जिल्ह्यात, घरापासून ग्रामीण रुग्णालय जवळ आणि एक खासगी त्याहून जवळ. भांडण नको, कुणीतरी सरळ सांगा.

निवृत्त_सिस्टर
बाळा, दोन्हीकडे जाऊन एकच चौकशी कर, आणि दिवसा नको, रात्री जेवणानंतर जा. आत्ता सिझर करायची वेळ आली तर करणार कोण आणि भूल देणारा कुठून येणार? रक्त कुठून आणता? बाळाला त्रास झाला तर काचेची पेटी इथे आहे की लातूरला? जिथे ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ म्हणतील तिथे नाव घालू नकोस, मग पाटी सरकारी असो की खासगी. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसेल आणि तुझं रक्त कमी असेल किंवा बीपी असेल, तर सरळ लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये नाव घाल. गाडीचा नंबर फोनमध्ये ठेव. हिमोग्लोबिन किती आहे?

नवी_पालवी
९.२ आहे. गोळ्या चालू आहेत. पण सासूबाई म्हणतात बाबांनी खासगीचं बघावं.

मुक्ता_आंबेजोगाई
अण्णा, या जरा. तुमची गरज आहे इथे.

अण्णा_इस्लामपूर
मी थांबलो म्हणून सांगितलं होतं. मुली, ९.२ कमी आहे. सिस्टर सांगतात ते ऐक. सासूबाईंचा फोन आला तर बाबांना म्हणायला सांग ‘डॉक्टरांनी लातूर सांगितलंय’, विषय तिथेच मिटवायचा. बाकी माझं मत आहे तेच आहे.